यंत्राला बातमी कशी कळते?

इंदूरच्या लोकमान्यनगरातल्या एखाद्या मराठी घरात सकाळी तिघांनी आपापले फोन उघडले, तर तिघांपुढे तीन वेगळी वर्तमानपत्रे उघडतात. आजोबांच्या पडद्यावर पुण्या-मुंबईचे राजकारण असते, सुनेच्या पडद्यावर हिंदीतून शहरातल्या पाणीकपातीची आणि बदललेल्या वाहतुकीची माहिती असते, आणि नातवापुढे क्रिकेट व नव्या फोनच्या किमती असतात. घर एक, गल्ली एक, वॉर्डही एकच. पण इंदूरची बातमी मराठीतून तिघांपैकी कुणाच्याही पडद्यावर सहसा येत नाही. हे ठरवले कुणी, असे विचारले की ‘अल्गोरिदम’ एवढे उत्तर मिळते आणि विषय तिथेच मिटतो.

तो पुढे न्यायचा तर दोन-तीन शब्दांची ओळख करून घेतली पाहिजे. साठलेल्या प्रचंड नोंदी गोळा करणे, त्या निवडून-पाखडून एकसारख्या करणे आणि त्यांतून काही अर्थ काढणे, या विद्येला डेटा सायन्स म्हणतात. मशीन लर्निंग हा तिचाच एक भाग असून त्यात संगणकाला नियम सांगितले जात नाहीत. त्याला पुष्कळ उदाहरणे दाखवली जातात आणि नियम त्याने स्वतः बांधायचा असतो. असा बांधलेला नियम म्हणजे मॉडेल.

वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत हे तंत्र बातमी शोधायला, ती कुणापुढे ठेवायची हे ठरवायला आणि अलीकडे ती लिहायलाही वापरले जाते. या तिन्ही कामांत यंत्रावर सारखाच भरवसा ठेवता येत नाही, आणि माझ्या मते या विषयावरचा बराचसा गोंधळ तिन्हींना एकच समजल्यामुळे होतो.

नियम सांगणे आणि उदाहरणे दाखवणे

कचरा वेगळा करायला इंदुरात आपण सगळेच शिकलो आहोत. दारात येणाऱ्या गाडीला ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक आणि इलेक्ट्रॉनिक अशा कचऱ्याचे वेगवेगळे कप्पे असतात. घरातल्या लहान मुलाला हे शिकवायचे तर एक मार्ग असा की ‘जे कुजते ते ओले’ यासारखे नियम त्याच्याकडून पाठ करून घ्यायचे. दुसरा मार्ग असा की रोज कचरा टाकताना त्याच्यावर लक्ष ठेवायचे आणि चुकले की तेवढे सुधारायचे. थोड्याच दिवसांत ते मूल केळ्याची साल, चहाचा चोथा, गोळ्यांची रिकामी पट्टी बरोबर टाकू लागते. इतकेच नव्हे तर पूर्वी कधी न पाहिलेली वस्तूसुद्धा बहुधा योग्य कप्प्यात टाकते, आणि ते कसे ठरवले हे मात्र त्याला नीट सांगता येत नाही. हा दुसरा मार्ग म्हणजे मशीन लर्निंग.

त्याच्या उणिवाही याच उदाहरणात आहेत. शिकवणारी आजी स्वतःच वापरलेले सेल सुक्या कचऱ्यात टाकत असेल, तर मूलही तेच करणार आणि पूर्ण आत्मविश्वासाने करणार. तळाशी दूध राहिलेली पिशवी ओली की प्लास्टिकची, यावर घरातच दुमत असेल, तर मुलाचाही अंदाज डळमळणार. आणि जी वस्तू त्या घरात कधी आलीच नाही, तिच्याविषयी ते मूल जे सांगेल तो केवळ तर्क असेल.

पहिल्या मार्गाचाही वृत्तपत्रांत भरपूर उपयोग होतो, आणि पुष्कळदा त्यालाच लोक कृत्रिम बुद्धिमत्ता समजतात. १७ मार्च २०१४ रोजी पहाटे लॉस एंजेलिसला ४.४ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा ‘लॉस एंजेलिस टाइम्स’च्या संकेतस्थळावर त्याची बातमी सुमारे तीन मिनिटांत झळकली. ती ‘क्वेकबॉट’ नावाच्या प्रोग्रॅमने तयार केली होती. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाकडून येणारी वेळ, तीव्रता आणि केंद्रबिंदू हे आकडे आधीच लिहून ठेवलेल्या वाक्यांतल्या मोकळ्या जागांत भरायचे, एवढेच त्याचे काम. त्याच वर्षी ‘असोसिएटेड प्रेस’ या वृत्तसंस्थेने कंपन्यांच्या तिमाही निकालांच्या बातम्या अशाच रीतीने काढायला सुरुवात केली, आणि तिमाहीला सुमारे ३०० निघणाऱ्या बातम्या ३,००० च्या वर गेल्या. यात शिकणे असे काही नाही. आपल्याकडच्या निमंत्रणपत्रिकेच्या छापील नमुन्याचाच हा चपळ अवतार आहे.

आत आलेला आकडा चुकला की बातमी चुकणार, हे मात्र इथेही टळत नाही. जून २०१७ मध्ये सांता बार्बराजवळ ६.८ तीव्रतेचा मोठा भूकंप झाल्याची बातमी याच क्वेकबॉटने दिली. तो भूकंप १९२५ सालचा होता. जुन्या नोंदीतली जागा दुरुस्त करताना चुकीचा इशारा बाहेर पडला, त्यावर साल २०२५ असे होते, आणि ही तारीख तर अजून उगवायची आहे अशी शंका प्रोग्रॅमला येण्याची सोय नव्हती. संपादकांना बातमी मागे घ्यावी लागली.

पोलिसांच्या नोंदींतली चूक

शिकणाऱ्या यंत्राचा बातमी शोधण्यासाठी कसा उपयोग होतो, याचे मला सर्वांत पटलेले उदाहरणही ‘लॉस एंजेलिस टाइम्स’चेच आहे, आणि ते सावकाश पाहण्यासारखे आहे.

शहरातील हिंसक गुन्हे कमी झाले, असे तिथले पोलीस दरवर्षी सांगत. गंभीर हल्ला आणि साधी मारहाण यांची खाती वेगळी असतात, आणि गंभीर हल्लाच तेवढा हिंसक गुन्ह्यांच्या आकडेवारीत मोजला जातो. म्हणजे चाकूने भोसकल्याची नोंद साध्या मारहाणीच्या खात्यात गेली, की शहर कागदावर तेवढे सुरक्षित होते. बातमीदारांनी एका वर्षाच्या नोंदी मागवल्या आणि प्रत्येक गुन्ह्याचे पोलिसांनीच लिहिलेले थोडक्यातले वर्णन बसून वाचले. सुमारे १,२०० हिंसक गुन्हे किरकोळ म्हणून नोंदले गेले होते. ही बातमी २०१४ मध्ये आली.

पुढचा प्रश्न साहजिकच असा होता की हे एकाच वर्षी घडले की आधीपासून घडत होते. आठ वर्षांच्या नोंदी माणसांनी वाचून काढणे अशक्य होते. तेव्हा आधी हाताने तपासलेली वर्णने संगणकाला उदाहरणे म्हणून देण्यात आली: हे गंभीर, हे साधे, हे गंभीर. ‘चाकू’, ‘भोसकले’, ‘डोक्यात घातले’ यांसारखे शब्द कोणत्या शब्दांच्या सोबतीने आले की गुन्हा गंभीर असतो, हे मॉडेलने त्या उदाहरणांवरून स्वतः ताडले आणि उरलेल्या ढिगातून संशयित नोंदी बाजूला काढल्या. त्यांतल्या काही नोंदी बातमीदारांनी पुन्हा वाचून यंत्र किती वेळा चुकते हे मोजले, आणि ती चूक जमेस धरून मगच आकडा छापला. ऑक्टोबर २०१५ मध्ये आलेल्या त्या बातमीनुसार २००५ ते २०१२ या काळात सुमारे १४,००० गंभीर हल्ले किरकोळ म्हणून नोंदले गेले होते. ते धरले तर गंभीर हल्ल्यांची संख्या पोलिसांनी सांगितल्यापेक्षा १६ टक्क्यांनी अधिक होत होती.

या सगळ्यात यंत्राने बातमी ‘शोधली’ असे म्हणणे फारसे बरोबर नाही. संशय माणसाचा होता, उदाहरणे माणसांनी वाचून ठरवली होती आणि पडताळणीही माणसांनीच केली. मधला कंटाळवाणा आणि अवाढव्य भाग तेवढा यंत्राने उचलला. अटलांटातल्या ‘जर्नल-कॉन्स्टिट्यूशन’ या दैनिकाने २०१६ मध्ये रुग्णांचे लैंगिक शोषण करणाऱ्या डॉक्टरांचा शोध घेतला, तेव्हा हीच पद्धत वापरली होती: वैद्यकीय मंडळांची एक लाखाहून अधिक शिस्तभंगविषयक कागदपत्रे यंत्राने चाळली आणि निवडलेली माणसांनी वाचली.

मग आपल्याकडे असे का होत नाही?

हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर पैसा किंवा हुशारीच्या अभावात शोधण्याआधी आपल्या कागदपत्रांकडे पाहावे. परदेशांतल्या गुप्त कंपन्यांची माहिती फोडणाऱ्या, २०१६ मध्ये गाजलेल्या ‘पनामा पेपर्स’ प्रकरणात १ कोटी १५ लाख दस्तऐवज होते. तिथेही आधीचे मोठे काम होते ते स्कॅन केलेल्या कागदांवरचा मजकूर संगणकाला वाचता येईल अशा रूपात आणण्याचे. नावांची जोडणी आणि शोध त्यानंतरचे.

आपल्याकडचा एखादा जुना सरकारी आदेश घ्या. मध्य प्रदेशातल्या कचेऱ्यांत वर्षानुवर्षे हिंदी मजकूर ‘कृतिदेव’ या फाँटमध्ये टंकला गेला. डोळ्यांना तो स्वच्छ देवनागरी दिसतो, पण आतमध्ये रोमन अक्षरेच साठवलेली असतात. अशा पीडीएफमधला ‘इंदौर’ हा शब्द उचलून दुसरीकडे चिकटवला, तर बी, ए, एन, के, एस, जे ही सहा रोमन अक्षरे पडतात. शब्दांवरून कागद शोधणाऱ्या यंत्राला तिथे इंदूर दिसत नाही. दिसलीच तर पहिल्या चार अक्षरांत इंग्रजी ‘बँक’ दिसते. मराठीचीही गोष्ट निराळी नाही. युनिकोड ही सर्व लिप्यांची समाईक संकेतपद्धत रुळण्यापूर्वी श्रीलिपीसारख्या फाँटसंचांत जुळवलेला मजकूर संगणकाच्या दृष्टीने अजून कुलूपबंद आहे. त्याचे रूपांतर करणारी साधने आहेत, पण जोडाक्षरांवर ती अडखळतात आणि मग कुणाला तरी ओळीन् ओळ तपासावी लागते.

त्यात नावांचा गुंता वेगळाच. इंदुरातल्या मराठी माणसाचे आडनाव शाळेच्या दाखल्यावर ‘काळे’, मतदारयादीत ‘काले’ आणि बँकेत इंग्रजी वळणाने निघालेले तिसरेच काही असते. ‘होळकर’ आणि ‘होलकर’ हे एकच, हे आपल्याला सांगावे लागत नाही. यंत्राला हे दोन निराळे मालक, दोन निराळे ठेकेदार किंवा दोन निराळे मतदार वाटतात. उलट ‘काले’ या हिंदी विशेषणालाही ते माणूस समजू शकते. दोन सरकारी याद्या जुळवून बातमी काढायची असेल, तर निम्मा वेळ या ‘ळ’पायी जातो असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरेल, पण फार मोठी नव्हे.

आजोबांपुढे पुणे का येते?

आता सुरुवातीच्या तीन फोनांकडे वळू. बातम्या सुचवणाऱ्या व्यवस्थेला बातमीतले बरेवाईट कळत नाही. तिच्याजवळ असतात त्या नोंदी: कशावर बोट टेकवले, किती वेळ थांबला, कुठे मध्येच सोडून दिले, फोनची भाषा कोणती, ठिकाण कोणते. एवढ्यावरून ती एकच अंदाज बांधते, की ही बातमी पुढे ठेवली तर हा माणूस ती उघडण्याची शक्यता किती. त्यासाठी ती त्या माणसासारख्या इतरांनी काय उघडले हेही पाहते.

आजोबांची भाषा मराठी, म्हणून ‘त्यांच्यासारखे’ वाचक बहुतेक महाराष्ट्रातले निघतात आणि पुणे पुढे येते. सुनेचे ठिकाण इंदूर आणि वाचन हिंदी, म्हणून तिला शहर मिळते. मराठी वाचणारे आणि इंदुरात राहणारे, असा दोन्हींचा छेद घेतला तर वाचक थोडे, बातम्या त्याहून थोड्या आणि नोंदी नगण्य. नोंदी थोड्या म्हणून बातमी सुचवली जात नाही. सुचवली जात नाही म्हणून कुणी उघडत नाही. कुणी उघडत नाही म्हणून ती लिहिण्यात कुणाला फायदा दिसत नाही. कुणी मराठीविरुद्ध कट केलेला नसतो. मोजणाऱ्याच्या मापात न भरणाऱ्या गोष्टी गळून पडतात, आणि बडोदे किंवा ग्वाल्हेरच्या मराठी वाचकाची गतही याहून निराळी असण्याचे कारण दिसत नाही.

मथळ्यांचेही असेच. एकाच बातमीला दोन-तीन मथळे देऊन ते थोड्या थोड्या वाचकांना दाखवायचे आणि जो अधिक उघडला जातो तो कायम करायचा, ही आता अनेक मोठ्या संकेतस्थळांवरची नित्याची पद्धत आहे. ‘जाणून घ्या’ आणि ‘हे वाचून थक्क व्हाल’ यांचा सुळसुळाट निव्वळ उपसंपादकांच्या अभिरुचीमुळे झालेला नाही.

पण संपादकही आपल्या आवडीनेच निवडत असे ना?

असे. १९४७ मध्ये इंदुरात निघालेल्या ‘नईदुनिया’चे संपादक राहुल बारपुते हे मराठी गृहस्थ, हिंदी पत्रकारितेची एक पिढी त्यांच्या हाताखाली घडली. त्यांच्या पानावर काय यावे आणि काय येऊ नये, यात त्यांची अभिरुची होती, आणि आग्रहही असणारच. फरक असा की ते पान सगळ्या शहरापुढे एकच होते. त्यात काय गाळले हे दोन शेजाऱ्यांना मिळून दिसत असे, आणि पटले नाही तर संपादकाला पत्र लिहिता येत असे. ‘नईदुनिया’तला वाचकांचा पत्रव्यवहार तर त्या दैनिकाची ओळखच होता. तीन फोनांवरच्या तीन पानांतून काय गाळले गेले, हे त्या तिघांनाही कळत नाही, आणि तक्रारीचे पत्र नेमके कुणाच्या नावे लिहायचे हेही ठाऊक नसते. मला यात निवडीपेक्षा हा उत्तरदायित्वाचा भाग अधिक खटकतो.

यंत्र लिहू लागले की

गेल्या काही वर्षांतली चर्चा मुख्यतः याविषयी आहे. मोठी भाषा-मॉडेले अफाट मजकुरावरून एकच गोष्ट शिकलेली असतात: इतके शब्द आल्यावर पुढे कोणता शब्द येण्याचा संभव अधिक. त्यामुळे वाक्य सफाईदार होते. ते खरे आहे की नाही, हा प्रश्न त्या क्रियेत मुळातून नसतो; तो बाहेरून विचारावा लागतो.

तो न विचारल्याची उदाहरणे आता पुरेशी जमली आहेत. ‘सीनेट’ या अमेरिकी संकेतस्थळाने यंत्राकडून लिहवून घेतलेल्या आर्थिक विषयांवरच्या ७७ लेखांपैकी ४१ लेखांत २०२३ मध्ये दुरुस्त्या कराव्या लागल्या; त्यांत चक्रवाढ व्याजाचा साधा हिशेबही चुकलेला होता. डिसेंबर २०२४ मध्ये ‘ॲपल’च्या फोनवर बातम्यांचा आपोआप सारांश करणाऱ्या सोयीने, खुनाच्या आरोपाखाली अटकेत असलेल्या एका माणसाने स्वतःवर गोळी झाडून घेतली, असे बीबीसीच्या नावाने जाहीर केले. बीबीसीने असे काही म्हटलेच नव्हते. पुढच्याच महिन्यात बातम्यांसाठीची ती सोय थांबवण्यात आली. मे २०२५ मध्ये ‘शिकागो सन-टाइम्स’च्या पुरवणीत उन्हाळ्यात वाचण्याजोग्या पंधरा पुस्तकांची यादी आली, त्यांतली दहा पुस्तके अस्तित्वातच नव्हती. लेखक खरे, पुस्तके काल्पनिक. पण नावे अगदी त्या लेखकांना शोभणारी.

हे शेवटचे लक्षात ठेवण्यासारखे आहे. यंत्राची चूक वेडीवाकडी नसते, ती शोभणारी असते. ज्या विषयावर मजकूर भरपूर, तिथे शोभणारे आणि खरे यांत अंतर कमी पडते. जिथे मजकूर विरळ, तिथे ते वाढते. इंदूरच्या एखाद्या जुन्या मराठी वाचनालयाचा इतिहास विचारला, तर संस्थापक, शताब्दी आणि अध्यक्षांची नावे यांसकट एक टुमदार परिच्छेद मिळू शकतो, आणि तो पुण्याच्या कुठल्याही वाचनालयाला चालून जाईल असा असतो.

यंत्र निदान पक्षपात तरी करत नाही ना?

‘प्रोपब्लिका’ या शोधपत्रकारिता संस्थेने २०१६ मध्ये याच समजाची परीक्षा घेतली. आरोपी पुन्हा गुन्हा करण्याचा धोका किती, हे सांगणारी ‘कॉम्पास’ नावाची प्रणाली अमेरिकी न्यायालयांत वापरात होती. फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीतील सात हजारांहून अधिक आरोपींना तिने दिलेले धोक्याचे गुण मिळवून पुढे प्रत्यक्षात काय झाले ते पडताळले, तेव्हा पुन्हा गुन्हा न केलेल्यांपैकी कृष्णवर्णीयांना चुकून धोकादायक ठरवण्याचे प्रमाण गोऱ्यांच्या जवळपास दुप्पट निघाले. प्रणाली बनवणाऱ्या कंपनीचे उत्तर असे की समान गुण मिळालेल्या गोऱ्या आणि काळ्या आरोपींत पुढे गुन्हा करणाऱ्यांचे प्रमाण जवळपास सारखेच आहे. गंमत म्हणजे दोघांचेही हिशेब बरोबर होते. दोन गटांत नोंदलेल्या गुन्ह्यांचे मूळ प्रमाणच निराळे असेल, तर न्यायाच्या या दोन्ही कसोट्या एकाच वेळी पूर्ण होणे गणितानेच अशक्य असते, हे त्यानंतर संशोधकांनी दाखवले. कोणती कसोटी धरायची, हे ठरवणे अर्थातच यंत्राचे काम नव्हे.

नोकऱ्यांविषयी थोडक्यात: ‘असोसिएटेड प्रेस’ने निकालांच्या बातम्या यंत्राकडे दिल्यामुळे कुणाला काढले नसल्याचे सांगितले होते. भाषा-मॉडेलांच्या काळात भाषांतर, सारांश आणि पुनर्लेखन या कामांवर बसलेल्या उपसंपादकांना तेवढे निश्चिंत राहता येईल, असे मला वाटत नाही.

इंदुरात आरंभ कुठून करता येईल

महापालिकेच्या ‘इंदूर ३११’ या ॲपवर नागरिक गटार, दिवे, कचरा, पाणी यांच्या तक्रारी नोंदवतात. अशा तक्रारींचा मजकूर माहितीच्या अधिकारात किंवा अन्य मार्गाने, तक्रारदारांची नावे व फोन क्रमांक वगळून, मिळवता आला तर लॉस एंजेलिसची पद्धत इथे जशीच्या तशी लागू होते. आधी दोघांनी बसून काही शे तक्रारी वाचायच्या आणि प्रत्येकीवर शेरा मारायचा: खरोखर सुटली, कागदावर बंद केली, चुकीच्या खात्यात ढकलली. दोघांचे शेरे जुळत नसतील तिथे आधी आपसांत वाद मिटवायचा, कारण माणसांनाच जे ठरवता येत नाही ते यंत्राला शिकवता येत नाही. मग मॉडेल, मग पडताळणी, मग बातमी. ती हिंदीत निघेल तशी मराठीतही निघू शकेल, आणि मराठी-इंदूर या रिकाम्या छेदात निदान एक मूळ नोंद पडेल.

एक अडचण उरते. विजयनगरातला रहिवासी ॲप उघडून तक्रार करतो. नाल्याकाठच्या वस्तीतली बाई सकाळी सफाईवर देखरेख करणारा दरोगा दिसला की त्यालाच गाठून सांगते. तिची तक्रार कोणत्याच फाइलीत नसते, आणि फाइलीत नाही म्हणून नकाशावर ती वस्ती तक्रारमुक्त दिसते. तिथे बातमीदाराला वही घेऊन जावे लागेल, तिचे म्हणणे तिच्याच शब्दांत उतरवावे लागेल, आणि परत आल्यावर त्या ओळी इतर तक्रारींच्या शेजारी टंकून, कोणत्या ऐकून लिहिल्या आणि कोणत्या ॲपवरच्या, याची खूण करून ठेवावी लागेल.